नॅशनल पार्क बघितलं म्हणजे नक्की काय बघितलं?

बोरिवलीचं नॅशनल पार्क (कागदावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण बोरिवली-दहिसरकडे एवढं लांबलचक नाव घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही) दर काही महिन्यांनी बातम्यांत येतं आणि दर वेळी भांडण तेच असतं. एका बाजूचं म्हणणं, एवढी मोठी जागा शहराच्या मधोमध पडून आहे, पर्यटन वाढवा, नवीन काहीतरी आणा, पोरांना खेळायला द्या. दुसरी बाजू म्हणते, जंगल आहे ते, बागबगीचा नाही, माणसांना मुळात आत सोडताच कशाला, गेट बंद करा आणि बिबट्यांना सुखाने जगू द्या. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पण माझं मत दोघांनाही आवडणार नाही असं आहे. लोकांना आत सोडायलाच पाहिजे, आत्ता सोडतात त्यापेक्षा जास्त आत सोडायला पाहिजे, फक्त पायी, छोट्या ग्रुपने, सोबत तिथलाच गाईड घेऊन. आणि हे वर्षातून चार हौशी लोकांसाठी नाही, तर आठवड्याच्या आठवड्याला, परवडेल अशा तिकिटात झालं पाहिजे.

आधी आत्ता काय होतं ते बघू. बोरिवली ईस्टला उतरलं की हायवेला लागून मेन गेट. तिकीट काढलं की समोर जो भाग लागतो तो कृष्णगिरी उपवन, म्हणजे बोटिंग, बाग, झाडाखाली चटया, वनराणी नावाची छोटी रेल्वे (तौक्ते वादळात २०२१ मध्ये तिच्या रुळांची वाट लागली होती), वाघ-सिंहांची सफारी. सकाळी वॉकवाले, सुट्टीच्या दिवशी फॅमिली, कॉलेजची जोडपी, काकडी आणि करवंदं विकणाऱ्या बायका. सगळं छान आहे, मला त्याचा अजिबात राग नाही. पण अख्खं पार्क आहे साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, बोरिवलीपासून ठाण्याच्या येऊरपर्यंत पसरलेलं, आणि त्याचा एक तुकडा तर वसईच्या खाडीपलीकडे नागला भागात. आणि "आम्ही नॅशनल पार्क बघून आलो" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी गेटपासूनचा पहिला एक-दीड किलोमीटर बघितलेला असतो, नाहीतर गाडीत बसून थेट कान्हेरी, तिथे मोठ्या बुद्धासमोर फोटो, माकडाने वेफर्सचं पाकीट पळवलं त्याची रील, आणि परत गाडीत. मधला सहा-सात किलोमीटरचा रस्ता खिडकीतून हिरवा दिसतो एवढंच, कान्हेरीची शंभरच्या वर लेणी त्यातल्या चार-पाचात आटपतात, आणि लेणी इथेच का आहेत, ह्या जंगलातच का, हा प्रश्न कोणाला पडतच नाही कारण तो पडावा अशी सोयच नाही.

खरी गंमत त्या प्रश्नातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कान्हेरीला गेलात तर तीन नंबरचं चैत्यगृह (म्हणजे प्रार्थनेचं लेणं) बघाच, व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सात-सात मीटर उंच बुद्ध उभे आहेत, आत खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप, ते बघून कोणीही गप्प होतं. पण तिथून वर पायऱ्या चढून जा आणि एखादं साधं लेणं निवडा, ज्याच्यासमोर कोणी फोटो काढत नाही असं. छोटं अंगण, कातळातच कोरलेला बसायचा ओटा, आत एक खोली, खोलीत दगडाचाच बाक झोपायला. आता बाहेर या आणि लेण्याच्या बाजूला बघा. जमिनीलगत एक चौकोनी तोंड असेल, वाकून बघितलं तर आत पाणी. ही पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. बाहेरून तोंड लहान दिसतं पण आत कातळ बराच पोखरलेला असतो. आता मान वर करून लेण्याच्या कपाळाकडे बघा, तिथे कातळात एक चर खणलेली दिसेल, पावसाचं पाणी लेण्याच्या दारात न पडता बाजूला जावं म्हणून, आणि ते पाणी वाया न घालवता खालच्या टाक्यात उतरवलेलं. बहुतेक लेण्यांना स्वतःची पोढी आहे, भर उन्हाळ्यातही काहींत पाणी दिसतं. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ठणठणाट असलेल्या कोकणातल्या डोंगरावर शेकडो भिक्षू राहायचे म्हणजे काय, ते पाणी साठवल्याशिवाय जमलं असतं का. दोन टेकड्यांच्या मधल्या ओढ्यावर एक जुना बांध होता, त्याच्याही खुणा सांगतात. अख्खा डोंगर म्हणजे पाणी अडवायची आणि पुरवून वापरायची यंत्रणा आहे, आणि आपण ती ओलांडून सेल्फी काढायला जातो.

ही टाकी कोणी केली तेही लिहून ठेवलंय. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणी राजेमहाराजे नाहीत, म्हणजे राजांची नावं येतात, चैत्यगृहाच्या लेखात सातवाहन यज्ञश्री सातकर्णीचं नाव आहे, पण पैसे दिलेत ते दोन व्यापारी भावांनी. बाकी लेख तर आपल्यातुपल्या माणसांचे. कल्याणच्या सोनाराने पोढी दिली. सोपाऱ्याचे, कल्याणचे व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी, घरातल्या बायका, कोणी लेणं दिलं, कोणी आसनं दिली, कोणी पैसे कायमठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं मिळावीत असं कोरून ठेवलं. आणि मला सगळ्यात आवडणारा लेख कल्याणच्या एका लोहाराचा, त्याने दान दिलं ते वाटेचं. डोंगरावरची वाट. आज जिला आपण ट्रेल म्हणतो आणि जिच्यासाठी परवानगी लागते ती, कित्येक शतकांपूर्वी कल्याणच्या एका लोहाराला आपल्या पैशाने करून द्यावीशी वाटली.

म्हणजे हे ठिकाण जंगलात लपून बसलेलं कधीच नव्हतं. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आणि घाटावर जाणारे रस्ते ह्यांच्या मधोमध हा डोंगर होता, इथे माणसांची सारखी ये-जा होती. नव्वद नंबरच्या लेण्यात तर इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, आपली नावं कोरून ठेवलीत. (भिंतीवर नाव लिहायची खोड किती जुनी आहे बघा, फक्त त्यांनी निदान तारीख आणि वडिलांचं नाव नीट लिहिलं, आणि आपण बदाम काढतो.) त्याच लेण्यात अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, एक शिल्प आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना लोक संकटात सापडलेत, कोणाचं जहाज बुडतंय, कोणामागे हत्ती लागलाय, कुठे साप, कुठे आग, आणि ते सगळे त्याची करुणा भाकतायत. समुद्रावर जाणाऱ्या आणि जंगलातून चालणाऱ्या माणसांना कशाची भीती वाटायची त्याची यादीच आहे ती. हे शिल्प एसी गाडीतून उतरून बघणं आणि दोन तास त्याच जंगलातून चालत येऊन बघणं ह्यात फरक पडतो, पायाला काटा लागलेला असतो, मघाशी झुडपात काहीतरी खसफसलेलं असतं.

आता पुढचा धागा. कान्हेरीचे भिक्षू गेले, लेणी ओस पडली, आणि १८६० मध्ये इंग्रजांनी त्याच डोंगररांगेत विहार तलाव बांधला, मुंबईला नळाने पाणी द्यायला. १८७९ मध्ये तुळशी. आज मुंबईच्या एकूण पाण्यात ह्या दोघांचा वाटा दोन-तीन टक्के असेल, पण दर पावसाळ्यात "तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला" ही बातमी आली की आपल्याला बरं वाटतं. मुद्दा असा की तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालच्या डोंगरावर वस्ती आणि तोड होऊ दिली नाही, आणि हे जंगल टिकलं त्याचं एक मोठं कारण ते आहे. वाघ-बिबट्याच्या प्रेमाने कोणी राखलं नाही, पाण्याच्या गरजेपोटी राखलं. दहिसर नदी तुळशीतून निघते, पोयसर ह्याच डोंगरातून, मिठी विहार आणि पवईच्या ओव्हरफ्लोमधून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ह्याच नद्या लोकांच्या घरात शिरल्या तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला नाला म्हणत होतो ती नदी आहे आणि ती कुठूनतरी येते.

पोढी, तलाव, नदी, जंगल ही एकच गोष्ट आहे. पण कागदावर ती कापून वेगवेगळ्या टेबलांवर ठेवलीय. जंगल वनखात्याचं, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, त्यांना १९५८ चा कायदा. तलाव महापालिकेचे. म्हणून गेटवर एक तिकीट काढायचं आणि कान्हेरीला पोचल्यावर दुसरं. ह्यात कोणाची चूक आहे असं मी म्हणत नाही, कायदेच तसे आहेत आणि प्रत्येक खातं आपापलं काम करतं. पण त्यामुळे होतं काय, की लेण्यांबद्दल बोलणारा लेण्यांबद्दल बोलतो आणि पक्ष्यांबद्दल बोलणारा पक्ष्यांबद्दल, आणि दोन तिकिटं हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की ह्या दोन वेगळ्या सहली आहेत. एक धड गाईड सोबत असला तर अर्ध्या दिवसात हे सगळं जोडून दाखवू शकतो. ब्राह्मी येत नसणाऱ्याला तो लेख म्हणजे कातळावरचे ओरखडे, पण कोणीतरी बोट ठेवून "हे बघा, इथे पोढी लिहिलंय" म्हटलं की आठवीतलं पोरगंसुद्धा पुढचं अक्षर शोधायला लागतं.

आता विरोधी मुद्दे. पहिला आणि सगळ्यात वजनदार, की माणूस गेला की घाण जाते, आवाज जातो, प्राणी बिथरतात. खरं आहे. येऊरच्या बाजूला शनिवारी रात्री गाड्या आणि गाणी ह्यांचा जो धुडगूस चालतो त्याबद्दल ठाणेकर वर्षानुवर्षं ओरडतायत. पण तो धुडगूस घालणारा माणूस ट्रेलवरचा नाहीच. सकाळी सहाला उठून, नाव नोंदवून, बारा-पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये गाईडच्या मागे निमूट चालणारा माणूस आणि येऊरला बाटल्या फोडणारा माणूस ह्यांना एकाच "पब्लिक" ह्या शब्दात कोंबायचं आणि दोघांनाही गेट बंद करायचं, ह्याने होतं काय तर पहिला घरी बसतो आणि दुसरा मागच्या वाटेने येतोच.

दुसरं, बिबट्या. ह्या पार्कात आणि आजूबाजूला मिळून पन्नासच्या आसपास बिबटे असावेत असं कॅमेरा ट्रॅपच्या गणनेतून पुढे आलंय, आणि ते एवढ्या दाट शहराला खेटून राहतात हे जगात दुसरीकडे सहज सापडायचं नाही. २००४ आठवतं का? तेव्हा हल्ल्यांची रांगच लागली होती, जून महिन्यात तर रोज पेपर उघडायची भीती वाटायची. तेव्हा उपाय म्हणून पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दुसरीकडे नेऊन सोडायचे हे चालू होतं, बाहेरचे बिबटे ह्या पार्कातही आणून सोडलेले. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं की असं उचलून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट अनोळखी जागेत सोडलेल्या बिबट्यामुळे तिथे हल्ले वाढतात. मग २०११ च्या सुमाराला वनखात्यानेच संशोधक आणि मुंबईकरांना सोबत घेऊन लोकांमध्ये जाऊन बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते? की कचरा उघड्यावर टाकलात की कुत्री येतात, कुत्री आली की बिबट्या येतो कारण कुत्रं हे त्याचं आवडतं जेवण आहे, संध्याकाळी लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नका, शौचाला अंधारात एकट्याने जाऊ नका, बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडायला फोन करू नका. साध्या गोष्टी. हल्ले त्यानंतर अजिबात थांबले असं नाही, आरेच्या बाजूला नंतरही दुःखद घटना झाल्या. पण २००४ ची ती परिस्थिती परत आली नाही. तेव्हा भिंती बांधल्या, जाळ्या लावल्या हे आहेच, तरी जास्त काम माहितीने केलं, आणि माहिती लोकांपर्यंत जाते ती लोक आणि जंगल एकमेकांना भेटतात तेव्हा.

ह्याचा अर्थ सगळं पार्क मोकळं सोडा असा कोणी घेऊ नये. गाभ्यातला भाग बंदच राहू दे, तिथे संशोधक आणि वनरक्षक सोडून कोणाचं काय काम. पावसाळ्यात ओढ्यांना लोंढा येतो तेव्हा काही वाटा बंद ठेवाव्याच लागतील. कारवीचं झुडूप दर आठ वर्षांनी फुलतं, २०१६ ला फुललं होतं, २०२४ ला फुललं, अशा वेळी सगळी मुंबई मोबाईल घेऊन धावते, तिथे आकडा ठरवून सोडावंच लागणार. शिलोंडासारख्या ट्रेलवर आजही परवानगी आणि गाईड लागतो, ती पद्धत बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की ही पद्धत अपवाद म्हणून न राहता नेहमीची व्हावी. आज अशा वाटांवर जातात ते कोण? ज्यांना पक्षी निरीक्षणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो ते. म्हणजे माझ्यासारखेच, चार पैसे आणि सुट्टी असलेले. मालाडच्या मालवणीतल्या किंवा दहिसरच्या गणपत पाटील नगरातल्या पोराला कोण सांगणार की बाबा रविवारी सात वाजता ये, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर सर्पगरुड दिसतो. त्याच्या वाट्याला बोटिंगची रांगच.

पैशाचा मुद्दाही ऐकू येतो, की करमणुकीच्या सोयींमधून उत्पन्न मिळतं, पायी चालणाऱ्याकडून काय मिळणार. अहो पण उत्पन्न हाच हिशोब लावायचा तर ह्या जागेवर टॉवर बांधणं सगळ्यात फायद्याचं, मग ते का करत नाही आपण. आणि आजी-आजोबांना, लहान पोरांना, व्हीलचेअरवरच्या माणसाला सहा किलोमीटर चाला म्हणणं मूर्खपणा आहे, त्यांच्यासाठी बस हवीच, वनराणीही हवी, माझी पोरं तिच्यात बसलीयत आणि मजा आलीय. वाद आहे तो पुढचा पैसा आणि पुढची अक्कल कुठे लावायची ह्याचा. नवीन आकर्षण उभं करायचं म्हटलं की जागा लागते, काँक्रीट लागतं, वीज लागते, दुरुस्ती लागते. ट्रेलला काय लागतं, आहे ती वाट, पावसाळ्यानंतर साफसफाई, आणि माणूस.

त्या माणसाबद्दल आता, कारण सगळं अडतं ते तिथे. पार्काच्या आत पाडे आहेत, वारली, कोकणा, महादेव कोळी लोकांचे, पार्क व्हायच्या आधीपासूनचे. १९९५ मध्ये अतिक्रमणांविरुद्ध हायकोर्टात याचिका झाली, १९९७ मध्ये आदेश आला आणि त्यानंतर हजारो झोपड्या हटल्या. ते योग्य की अयोग्य ह्यावर लोक अजून भांडतात आणि त्यात दोन्हीकडे खरं दुःख आहे, मी इथे निकाल देत बसणार नाही. पण पाड्यांवरचा माणूस आणि मागून आलेलं अतिक्रमण ह्यांना एका मापात तोलणं चूकच होतं असं माझं मत आहे. ज्यांच्या आजोबांनी ह्या डोंगरातल्या वाटा पायाने पाडल्या त्यांना रस्ता, नळ, वीज ह्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज घेऊन फिरावं लागतं, आणि आपण शहरातून येऊन त्यांच्याच जंगलाचं कौतुक त्यांनाच ऐकवतो. तिथल्या पोरापोरींना गाईड म्हणून रीतसर ट्रेनिंग द्या, पगार द्या, नुसतं मानधन नको. काही जण आजही हे काम करतात आणि झकास करतात. एका वारली गाईडसोबत गेलो होतो, वाटेत त्याने एक पांढराफटक, साल सोललेलं झाड दाखवलं, आम्ही म्हटलं घोस्ट ट्री. तो म्हणाला, हो, कहांडळ, ह्याचा डिंक काढतात, आणि मग तो डिंक कधी काढायचा, किती खोल घाव घालायचा, जास्त घातला तर झाड कसं वाळतं, ह्यावर पंधरा मिनिटं बोलला. आमच्यातला एक जण मोबाईलवर झाडाचं शास्त्रीय नाव शोधत राहिला आणि तेवढ्यात डिंकाचं सगळं ऐकायचं राहून गेलं त्याचं. अशा गाईडला वर ब्राह्मीची पन्नास अक्षरं आणि लेण्यांचा इतिहास शिकवायला किती वेळ लागेल? एक पावसाळा पुरे. मुंबई विद्यापीठात पुरातत्त्व शिकणारी, शिकवणारी मंडळी आहेत, बीएनएचएससारखी (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १८८३ पासूनची संस्था ह्याच शहरात आहे आणि गोरेगावला पार्काला लागून तिचं केंद्र आहे. माणसांची कमी नाही, एका टेबलावर बसवणारा कोणीतरी पाहिजे.

आणि हे आत्ताच का, तर जंगलाखालून बोगदे चाललेत. ठाणे-बोरिवली जोडरस्ता पार्काच्या पोटातून जाणार आहे, गोरेगाव-मुलुंडचाही बोगदा त्याच डोंगरातून. बोगदा खोलवरून जातो, वरच्या जंगलाला धक्का लागणार नाही असं सांगतात, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्या माणसाला तो हवाच आहे, त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण डोंगरातल्या पाण्याचं काय होईल, झऱ्यांचं काय होईल, हे विचारणारं तरी कोणी पाहिजे ना. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडं तोडली तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं होतं आठवा. आरेतून रोज जाणारे, तिथे सकाळी चालणारे, तिथल्या पाड्यांवरचे, तिथे चहा पिणारे. ज्यांनी आरे कधी बघितलंच नव्हतं ते घरी बसून "मेट्रो पाहिजे की झाडं" ह्यावर पोल घेत होते. मेट्रो पाहिजे होती की नाही हा वाद वेगळा, पण बोलायला माणसं होती ती चालून ओळख झालेली होती म्हणून. नॅशनल पार्कच्या आतल्या भागाला अशी ओळखीची माणसं फार थोडी आहेत. "लोकांना लांब ठेवा, जंगल वाचेल" म्हणणाऱ्या मित्रांना माझा हाच प्रश्न असतो की उद्या खरंच वेळ आली तर ह्या लांब ठेवलेल्या लोकांना तुम्ही कुठल्या तोंडाने बोलावणार.

सुरुवात कुठून करायची तर मला महाशिवरात्र सुचते. त्या दिवशी कान्हेरीला तुफान गर्दी असते, बेस्ट बोरिवलीहून जादा गाड्या सोडते, आजूबाजूच्या वस्त्यांतून बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन येतात, कितीतरी वर्षांची रीत आहे ती. बौद्ध लेण्यांवर महाशिवरात्र कशी हा प्रश्न अभ्यासकांना पडू दे, येणाऱ्यांना तो कधीच पडलेला नाही. ही गर्दी म्हणजे कपाळाला आठ्या पाडायची गोष्ट असं समजून आपण पोलीस बंदोबस्त आणि कचऱ्याच्या गाड्या एवढाच विचार करतो. त्याऐवजी त्या दिवशी तीन नंबर, अकरा नंबर आणि वरची दोन-चार टाकी अशा ठिकाणी पाड्यांवरचे चार-चार ट्रेन केलेले गाईड उभे करा, दहा मिनिटांत मराठीत आणि हिंदीत सांगा की ही पोढी कोणाची, ही चर कशाला, हे पाणी पुढे कुठे जातं. फुकट. आणि परत जाताना त्यांच्या हातात कागद द्या, पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला गेटवरून पायी ग्रुप निघेल, माणशी पन्नास रुपये, पालिका शाळेच्या मुलांना फुकट, येताना पाण्याची बाटली आणि जुने बूट. सोमवारी पार्क बंद असतं, त्यामुळे मंगळवारी वाटा शांत असतात आणि प्राण्यांच्या खुणा ताज्या सापडतात. शनिवारचा ग्रुप भरला तर रविवारी दुसरा काढू नका, रविवारी तिथे आधीच पाय ठेवायला जागा नसते, त्यापेक्षा बुधवार बघा.